पाणी नितळ, चवीला चांगलं, आणि आत सॉल्व्हंट

मार्च १९८१. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेनं पाण्याचा तपासणी अहवाल पाठवला. छापील फॉर्म, भरलेले रकाने, आणि खाली हातानं मारलेला शेरा: ‘पाणी इतर क्लोरीनयुक्त हायड्रोकार्बननी अतिशय दूषित (सॉल्व्हंट्स)!’ शेवटी उद्गारचिन्ह. सरकारी कागदावर उद्गारचिन्ह सहसा सापडत नाही. शेरा मारणारे विल्यम नील प्रयोगशाळेचे प्रमुख होते. ऑक्टोबर १९८० पासून ते अशाच अर्थाचे शेरे मारत होते. या वेळी आवाज जरा चढला होता, एवढंच.

पाणी आलं होतं नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅम्प लेज्यून या मरीन दलाच्या तळावरून. तळ म्हणजे नुसत्या बराकी नव्हेत. सैनिकांच्या कुटुंबांच्या वसाहती, शाळा, हॉस्पिटल असं सगळं असलेलं ते एक गावच. पाण्याच्या विहिरी तळाच्याच, शुद्धीकरण केंद्रंही तळाचीच. दूषित विहिरी बंद करायला सुरुवात झाली ती नोव्हेंबर १९८४ मध्ये, आणि बंद करण्याचं काम पुढच्या वर्षीही चालू होतं. उद्गारचिन्हानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ लोक ते पाणी पीत राहिले. १९५३ ते १९८७ या काळात दूषित पाणी वापरलेल्या माणसांचा अंदाज दहा लाखांपर्यंत जातो.

साडेतीन वर्षं का लागली, याचं सोपं उत्तर ‘हलगर्जीपणा’ हे आहे आणि ते खोटंही नाही. पण तेवढ्यावर थांबलं की खरी गंमत निसटते. (गंमत म्हणणं बरं नव्हे, पण दुसरा शब्द सुचत नाही.) त्यासाठी आधी सॉल्व्हंट म्हणजे काय ते पाहू.

तेल काढतं, पेट घेत नाही

सॉल्व्हंट म्हणजे दुसरा पदार्थ विरघळवून घेणारा द्रव. आपल्या गोष्टीतले दोघे म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन आणि टेट्राक्लोरोइथिलीन. कामगार आणि अभियंते त्यांना टीसीई आणि पीसीई म्हणतात. दोन कार्बन, त्यांना चिकटलेले तीन क्लोरीन आणि एक हायड्रोजन, किंवा चारही क्लोरीन, एवढाच त्यांचा संसार. यंत्राच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला टीसीई, कपड्यांवरचे तेलकट डाग काढायला पीसीई. ड्रायक्लीनिंगला ‘ड्राय’ म्हणतात ते पाणी नसतं म्हणून. द्रव असतोच, आणि तो बहुतेक वेळा पीसीई असे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर कारखानदारांना हे द्रव आवडले, त्याला कारण होतं. त्याआधी ग्रीस काढायला पेट्रोल, बेंझिन असलं काहीतरी वापरत आणि कारखान्याला आग लागे. टीसीई सहजासहजी पेट घेत नाही. तेल झटकन उचलतं, मग स्वतः उडून जातं, धातू कोरडा ठणठणीत. सुरक्षित म्हणूनच ते आलं. इतकं सुरक्षित की कॉफीतलं कॅफीन काढायला वापरलं जाई, आणि ‘ट्रायलीन’ या नावानं बाळंतिणींना भूल द्यायलाही. आपल्याकडच्या जुन्या भूलतज्ज्ञांनाही हे नाव परकं नाही. अमेरिकेत असले वापर १९७७ मध्ये बंद झाले.

वापरून काळं पडलेलं सॉल्व्हंट टाकायचं कुठं? तेव्हाचा रूढ सल्ला असा की कोरड्या मातीवर ओता, उडून जाईल. उडून जाणारी वस्तू वर जाते हे खरं. पण ओतलेल्यातलं सगळं उडत नाही. बाकीचं खाली जातं, आणि खाली जाण्यात या द्रवांचा हात धरणारा कोणी नाही.

खाली, आणखी खाली

डिझेल किंवा पेट्रोल जमिनीत झिरपलं की भूजलाच्या पातळीवर येऊन तरंगतं, कारण ते पाण्यापेक्षा हलकं. टीसीई पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड आहे, पीसीई त्याहूनही थोडं जड. भूजलाची पातळी गाठली तरी ते थांबत नाही. पाण्यातून वाट काढत चिकणमातीचा थर किंवा कातळ लागेपर्यंत बुडत जातं, आणि तिथं खळग्यांत, फटींत साचून बसतं. वरून पाहणाऱ्याला पत्ता नाही. बोअर पाच फूट इकडं घेतली तर सापडेल, पाच फूट तिकडं घेतली तर नाही.

साचलेलं सॉल्व्हंट पाण्यात विरघळतं, पण फार हळू. ते पेल्याच्या तळाशी राहिलेल्या खडीसाखरेच्या खड्यासारखं: ढवळलं नाही तर तासन् तास थोडं थोडं सुटत राहतं. जमिनीखाली ढवळणारं कोणी नसतं, म्हणून तिथं तासांच्या जागी दशकं घ्यायची. ओतणारा कारखाना बंद पडतो, मालक वारतो, जागेवर मॉल उभा राहतो, आणि खालचा साठा आपला हप्ता देतच असतो.

‘थोडं थोडं’ म्हणजे किती, हे कळायला एक हिशोब करू. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची कमाल मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दोनशे लिटरचं एक साधं लोखंडी पिंप घ्या, वर्कशॉपच्या मागे गंजत पडलेलं असतं तसं. त्यात सुमारे २९० किलो टीसीई मावतं. ते सगळं पाण्यात विरघळलं तर मर्यादेला टेकवण्यासाठी किती पाणी लागेल? सुमारे ५,८०० कोटी लिटर. मुंबई महापालिका रोज साधारण ३९० कोटी लिटर पाणी पुरवते. म्हणजे एका पिंपात मुंबईचं पंधरा दिवसांचं पाणी मर्यादेपर्यंत नेण्याइतकं सॉल्व्हंट असतं. प्रत्यक्षात असं एकदम कधी होत नाही, पण ‘एवढंसं सांडलं तर काय’ या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात आहे.

खाली गेल्यावर आणखी एक प्रकार घडतो. जमिनीतले काही जिवाणू, जिथं प्राणवायू नसतो तिथं, या रेणूंमधला एकेक क्लोरीन काढून घेतात. पीसीईचं टीसीई, टीसीईचं डायक्लोरोइथिलीन, त्याचं व्हिनाइल क्लोराइड, आणि शेवटी निरुपद्रवी इथिलीन. ऐकायला छान. पण शेवटची पायरी गाठणारे जिवाणू, डीहॅलोकोकॉइड्स नावाचे, सगळीकडे नसतात. मग गाडी व्हिनाइल क्लोराइडवर अडते, आणि ते यकृताच्या कर्करोगाचं सिद्ध कारण. निसर्ग साफ करेल म्हणून वाट पाहणाऱ्याच्या पदरात मूळ विषाहून वाईट विष पडतं ते असं.

तळावर काय झालं

कॅम्प लेज्यूनमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी चालल्या होत्या.

तारावा टेरेस या कुटुंबवसाहतीच्या पाण्यात पीसीई आलं ते तळाबाहेरच्या एका लाँड्रीमधून. एबीसी वन-अवर क्लीनर्स, १९५३ मध्ये सुरू झालेली. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये, तिथून जमिनीत. पीसीई गाळून परत वापरताना जो गाळ उरे, तो रस्त्यावरचे खड्डे बुजवायला वापरत. खड्डे बुजवायचा हा प्रकार मला या सगळ्या कागदपत्रांतला सर्वांत बोलका वाटतो. त्यात लपवाछपवी नाही, उघड काटकसर आहे. कुणाला आपण काही चुकीचं करतोय असं वाटलंही नसेल.

तळाच्या विहिरींचे पंप भूजल स्वतःकडे ओढत होते. ज्या दिशेला उपसा, त्या दिशेला भूजल सरकतं, आणि त्यात विरघळलेलं जे काही असेल तेही. १९५७ मध्ये वसाहतीच्या नळाला काय होतं हे कुणी मोजलं नव्हतं. पण विहिरी कधी खोदल्या, किती उपसा झाला, वाळूचे आणि चिकणमातीचे थर कसे आहेत, हे ठाऊक होतं. अमेरिकेच्या विषद्रव्य-रोगनोंदणी संस्थेच्या अभियंत्यांनी त्यावरून संगणकावर भूजल उलटं चालवत नेलं. उत्तर आलं: नोव्हेंबर १९५७ पासून फेब्रुवारी १९८७ पर्यंतच्या काळात ३४६ महिने तारावा टेरेसच्या नळाचं पाणी आजच्या मर्यादेच्या वर होतं. लाँड्री उघडल्यापासून चार-पाच वर्षांत पीसीई स्वयंपाकघरात पोचलं होतं. प्रत्यक्ष मोजलेला सर्वांत मोठा आकडा २१५ मायक्रोग्रॅम. मर्यादा ५.

हॅडनॉट पॉइंट हा तळाचा मुख्य भाग, तिथं वाहनदुरुस्ती, यंत्रदुरुस्ती, इंधनाच्या जमिनीखालच्या टाक्या. इथलं सॉल्व्हंट टीसीई, आणि ओतणारा खुद्द तळ. मे १९८२ मध्ये इथल्या पाण्यात १,४०० मायक्रोग्रॅम टीसीई निघालं. मर्यादेच्या २८० पट. ६५१ क्रमांकाच्या विहिरीचं पाणी १९८५ मध्ये थेट तपासलं तेव्हा आकडा आला १८,९००. इंधनाच्या गळतीतलं बेंझिन वेगळंच.

शुद्धीकरण केंद्रातून कसं सुटलं

पाणी शुद्ध करायचं म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर तुरटी येते, वाळूचा गाळणथर येतो, ग्रामपंचायतीचा कर्मचारी टाकीत टीसीएल पावडर टाकताना येतो. हे सगळं गढूळपणा आणि जंतू यांच्याविरुद्धचं शस्त्र आहे, आणि त्या लढाईत ते उत्तम चालतं. सॉल्व्हंट मात्र गढूळ नाही. विरघळलेलं आहे म्हणून वाळूतून आरपार जातं. जंतू नाही म्हणून क्लोरीननं मरत नाही. या प्रमाणात त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. तळावरची केंद्रं पाण्याचा जडपणा काढत, क्लोरीन घालत आणि वर नेमाने अहवाल ठेवत. त्या अहवालांत खोटं काही नव्हतं. जे तपासलं ते ठीक होतं.

आणि विहिरींची सरमिसळ. एका केंद्राला अनेक विहिरी जोडलेल्या असतात, पण सगळ्या एकाच वेळी चालत नाहीत, पाळीपाळीनं चालतात. ज्या दिवशी ६५१ चालू, त्या दिवशी नळाला टीसीई. ती बंद, तर नळ जवळजवळ स्वच्छ. मे १९८२ मध्ये १,४०० दाखवणाऱ्या पाण्यात त्याच वर्षी जुलैमध्ये विसाच्या आसपास आणि त्याहूनही कमी आकडे आले. आता तुम्ही तळाचे अधिकारी आहात असं समजा. हाती दोन आकडे, एक भयंकर आणि एक क्षुल्लक. कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायला मन धजेल? ‘प्रयोगशाळेची काहीतरी गडबड’ हे वाक्य अशा वेळी आपोआप सुचतं. प्रत्येक विहीर वेगळी तपासली असती तर दोन दिवसांत उलगडा झाला असता. ते व्हायला १९८४ लागलं.

जानेवारी १९८५ मध्ये तर वेगळाच घोळ झाला. होल्कम्ब बुलेव्हार्ड या तिसऱ्या केंद्राचं पाणी तोवर बऱ्यापैकी स्वच्छ होतं. तिथं इंधन सांडलं म्हणून ते केंद्र काही दिवस बंद ठेवलं आणि खबरदारी म्हणून हॅडनॉट पॉइंटचं पाणी तिकडं वळवलं. एका शाळेच्या नळाला तेव्हा १,१४८ मायक्रोग्रॅम टीसीई निघालं.

उद्गारचिन्ह कुणी वाचलं

आता त्या शेऱ्याकडे येऊ. नील यांची प्रयोगशाळा सॉल्व्हंट शोधत नव्हतीच. पाण्यात क्लोरीन घातलं की पानापाचोळ्याच्या विरघळलेल्या अंशाशी त्याची क्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगं बनतात. त्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. त्यांच्यावर १९७९ मध्ये अमेरिकेत मर्यादा आली, म्हणून १९८० पासून तळाचं पाणी त्यासाठी तपासायला जाऊ लागलं. हे काम गॅस क्रोमॅटोग्राफ करतो: नमुन्यातले पदार्थ एकेक सुटे होऊन बाहेर येतात आणि आलेखावर प्रत्येकाचं शिखर उमटतं. नील यांना जी शिखरं मोजायची होती त्यांच्या अंगावर दुसरीच, दांडगी शिखरं येऊन बसली होती. मोजणी जमेना. शेरा मारला तो या अडथळ्याबद्दल.

१९८२ मध्ये ग्रेंजर या खासगी प्रयोगशाळेनं त्या शिखरांना नावं दिली, टीसीई आणि पीसीई, आणि तळाला तसं पत्रानं कळवलं. पण फॉर्मवर ट्रायहॅलोमिथेनचा रकाना होता, कारण कायद्यात त्याची मर्यादा होती. टीसीईला रकाना नव्हता. अमेरिकेत त्याची सक्तीची मर्यादा १९८७ च्या नियमानं ठरली आणि १९८९ पासून लागू झाली, पीसीईची १९९२ मध्ये. त्याआधी होते ते नुसते सल्ले. मर्यादा नाही, म्हणून उल्लंघन नाही. उल्लंघन नाही, म्हणून विहीर बंद करायचा हुकूम नाही. पुढे वर्षानुवर्षे मरीन दलानं हाच बचाव मांडला. कागदावर तो चोख आहे. त्यामुळेच मला तो निष्काळजीपणापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. निष्काळजी माणसाला काढता तरी येतं.

एप्रिल १९८५ मध्ये तारावा टेरेसच्या रहिवाशांना तळाच्या जनरलसाहेबांचं पत्र गेलं. काही सेंद्रिय रसायनं ‘अगदी अल्प’ प्रमाणात आढळल्यानं दोन विहिरी बंद केल्या आहेत, तेव्हा पाणी जपून वापरा. पत्राचा रोख पाणीटंचाईवर होता.

शरीरात काय होतं

सॉल्व्हंट फक्त पिण्यातून जात नाही. ते उडणारं आहे, हे विसरायचं नाही. गरम पाण्यानं अंघोळ केली की बंद बाथरूमच्या हवेत येतं आणि श्वासातून आत जातं. कातडीतूनही थोडं शिरतं. प्यायचं पाणी बाहेरून आणलं आणि बाकी सगळं नळाचं वापरलं, तर अर्धंच काम झालं.

आपल्या घरांतला पहिला उपाय म्हणजे पाणी उकळणं. कावीळ-कॉलऱ्याला उत्तम. सॉल्व्हंट उकळण्यानं पाण्यातून बरंचसं जातं, पण जातं स्वयंपाकघराच्या हवेत, भांड्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात. यूव्ही दिव्याचा इथं काही उपयोग नाही. आरओच्या पडद्यातून हे छोटे रेणू काही प्रमाणात निसटतात. त्या यंत्रात खरं काम करतो तो कार्बनचा डबा. कोळशाचे कण सॉल्व्हंटला धरून ठेवतात. भरत आला की धरणं सोडतात, आणि हे बाहेरून कळत नाही. फिल्टर बदलायची तारीख आपण किती काटेकोर पाळतो ते ज्याचं त्यानं पाहावं.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं टीसीईला पहिल्या गटात टाकलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. सर्वांत ठाम पुरावा मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा. पीसीई ‘बहुधा होतो’ या गटात. बेंझिनचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी. २०२३ मध्ये आणखी एक महत्त्वाचा अभ्यास आला. कॅम्प लेज्यूनमध्ये राहिलेल्या माजी सैनिकांची तुलना कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनच्या माजी सैनिकांशी केली. दोन्हीकडे मरीन, जवळपास सारखं वय, सारखं आयुष्य. फरक मुख्यतः पाण्याचा. लेज्यूनवाल्यांत पार्किन्सनची जोखीम ७० टक्के जास्त निघाली.

हे ७० टक्के नीट समजून घ्यायला हवेत. शंभरातल्या सत्तर जणांना पार्किन्सन झाला, असं नाही. पार्किन्सन मुळात थोड्यांनाच होतो; त्या थोड्यांत एवढी भर पडली. आणि समोर बसलेल्या एका रुग्णाकडे बोट दाखवून ‘याला पाण्यामुळेच झाला’ असं कोणताही अभ्यास सांगू शकत नाही. सॉल्व्हंटचे सगळे खटले या दरीत अडकतात. गटाबद्दल विज्ञान ठाम बोलतं, माणसाबद्दल चाचरतं. न्यायालयाला मात्र माणूस हवा असतो.

जेरी एन्समिंगर यांना हे कुणी सांगायची गरज नाही. चोवीस वर्षं मरीनमध्ये काढलेला मास्टर सार्जंट. चार मुलींपैकी फक्त जेनी पोटात असताना कुटुंब तारावा टेरेसमध्ये होतं. तिला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला, १९८५ मध्ये नवव्या वर्षी ती गेली. घराण्यात कुणाला नाही मग हिलाच का, हा प्रश्न त्यांनी बारा वर्षं बाळगला. १९९७ मध्ये जेवणाचं ताट हातात घेऊन टीव्हीसमोर उभे असताना तळाच्या पाण्याची बातमी लागली. त्यानंतरचं त्यांचं आयुष्य कागदपत्रं मागण्यात गेलं, आणि नील यांच्या शेऱ्यांसारखे कागद लोकांपुढे आले ते त्यांच्यासारख्यांच्या चिकाटीमुळे. तळाच्या पाण्यापासून प्रौढांना धोका नाही, असं म्हणणारा त्याच १९९७ सालचा सरकारी आरोग्य अहवाल २००९ मध्ये मागे घ्यावा लागला. २०१२ मध्ये सैनिक आणि कुटुंबीयांच्या उपचारांचा कायदा झाला, त्याला जेनीचं नाव आहे.

नुकसानभरपाईला मात्र नॉर्थ कॅरोलायनाचा एक कायदा आडवा आला: दूषित करणाऱ्याच्या शेवटच्या कृतीनंतर दहा वर्षांत दावा करा, नाहीतर हक्क गेला. ज्या विषाचा आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो, त्याला दहा वर्षांची मुदत! २०१४ मध्ये याच राज्यातल्या दुसऱ्या एका टीसीई प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ती मुदत उचलून धरली. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी संसदेनं खास कायदा करून लेज्यूनवाल्यांसाठी दोन वर्षं दार उघडलं. चार लाखांवर दावे आले.

आपला रकाना

हे सगळं तिकडचं. इकडे काय?

भारतात पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आयएस १०५००, २०१२ सालची आवृत्ती. त्याच्या तक्त्यात शिसं आहे, आर्सेनिक आहे, कीटकनाशकं आहेत, क्लोरोफॉर्म आणि त्याचे भाऊबंदही आहेत. टीसीई आणि पीसीई यांची ओळ नाही. युरोपात दोन्ही मिळून १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. आपल्याकडे ओलांडायला मर्यादाच नाही. यावरून आपल्या पाण्यात सॉल्व्हंट आहे असं मी म्हणत नाही. पण क्लोरोफॉर्म मोजणाऱ्या यंत्रालाच टीसीईही दिसतं, हे नील यांच्या गोष्टीतून आपल्याला कळलं आहे. नवीन यंत्र लागत नाही. लागते ती तक्त्यात एक ओळ.

महाराष्ट्रात एक गोष्ट वेगळी आहे, जमीन. लेज्यूनखाली वाळूचे थर आहेत, म्हणून तिथं भूजल संगणकावर उलटं चालवता आलं. आपला बहुतांश कातळ बेसाल्टचा. त्यात पाणी भेगांमधून जातं, आणि भेग कुठून कुठं निघते हे वरून सांगता येत नाही. औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून असलेली बोअर स्वच्छ आणि लांबची दूषित, असंही होऊ शकतं. अंतर मोजून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

न्यू जर्सीत घर घेणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक वेगळी सूचना. तिथं टीसीई आणि पीसीई दोन्हींची मर्यादा देशापेक्षा कडक, १ मायक्रोग्रॅम आहे, आणि खासगी विहीर असलेलं घर विकताना तिचं पाणी या द्रवांसाठी तपासणं कायद्यानं सक्तीचं आहे. तो अहवाल मागून घ्या आणि नीट वाचा. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्यांना आयटीच्या ‘स्वच्छ’ उद्योगाचा अभिमान असतो. चिप धुवायला सॉल्व्हंटच लागत. १९८१ मध्ये सॅन होजेत फेअरचाइल्ड कंपनीच्या जमिनीखालच्या टाकीतून ते गळालं आणि जवळच्या सार्वजनिक विहिरीत पोचलं. सांता क्लारा काउंटीत केंद्र सरकारच्या ‘सुपरफंड’ यादीतली जितकी दूषित ठिकाणं आहेत, तितकी त्या देशातल्या दुसऱ्या कोणत्याही काउंटीत नाहीत.

पाण्यातून हे काढता येतं का? येतं. उंच मनोऱ्यात वरून पाणी शिंपडायचं, खालून हवा सोडायची. सॉल्व्हंट हवेबरोबर निघून जातं. किंवा कार्बनच्या मोठ्या टाक्यांतून पाणी न्यायचं. नळापर्यंतचं पाणी अशा रीतीनं स्वच्छ होतं. जमिनीखालचा साठा मात्र उपसून उपसून दशकं पुरतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेनं टीसीईवर बंदीचा नियम काढला, त्याचे काही भाग कोर्टकज्ज्यांत लांबले आहेत. बंदीनं पुढचं ओतणं थांबेल. आधी ओतलेलं बुडून बसलं आहे ते बसलं आहे.

तुमच्या सोसायटीची बोअर जुन्या वर्कशॉपशेजारी, डाय-प्रिंटिंगच्या गाळ्याजवळ किंवा मोठ्या लाँड्रीच्या मागे असेल, तर तपासणी करून घ्यावी. प्रयोगशाळेत ‘पाणी पिण्यायोग्य आहे का बघा’ असं म्हणालात तर ते जंतू, क्षार, जडपणा बघतील आणि योग्य आहे म्हणून सांगतील. ‘व्हीओसी’ (म्हणजे उडून जाणारी सेंद्रिय रसायनं) तपासणी हवी असं स्पष्ट म्हणा, आणि यादीत टीसीई, पीसीई, व्हिनाइल क्लोराइड आहे का ते पैसे भरण्याआधी विचारा. नमुना घेण्याचीही रीत आहे. प्रयोगशाळा ४० मिलीलिटरच्या काचेच्या कुप्या देते, टेफ्लॉनचा पडदा असलेल्या झाकणाच्या. नळ बारीक सोडून कुपी काठोकाठ, पाण्याचा घुमट वर येईल इतकी भरायची, झाकण लावून उलटी करायची आणि टिचकी मारून बघायचं. बुडबुडा दिसला तर त्यांनी सांगितलेल्या पद्धतीनं पुन्हा. मग बर्फात ठेवून पोचवायची. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी भरून, गाडीच्या डिकीत टाकून, दुसऱ्या दिवशी उन्हातून नेलंत तर सॉल्व्हंट वाटेतच बाटलीतल्या हवेत निघून जाईल, आणि अहवालात ‘आढळले नाही’ असं येईल.